राकूचा खुला दिवस : भट्टीआधी घड्याळ

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. डिसेंबरमधील एका रविवारी पुण्यातील धायरीच्या आपल्या स्टुडिओत खुला दिवस ठेवला आहे. चाळीसेक माणसे येतील, प्रत्येकाने एक लहान वाडगा स्वतः ग्लेझ करावा (म्हणजे त्याला भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप लावावा), तो डोळ्यांसमोर भाजला जाताना पाहावा आणि संध्याकाळी घरी न्यावा, अशी कल्पना आहे. हाताशी २०० लिटरचे पिंप अर्ध्यात कापून, आतून सिरॅमिक फायबर लावून केलेली एकच गॅसभट्टी आहे. स्वतःसाठी राकू, म्हणजे लालभडक तापलेले भांडे भट्टीतून काढून भुशाच्या धुरात झाकण्याची पद्धत, आपण चार-पाच वेळा केले आहे, लोकांसमोर मात्र कधीच केलेले नाही. किती भाजण्या होतील, भांडी फुटू नयेत म्हणून काय करावे आणि धुराचे काय, असे आपले तीन प्रश्न आहेत.

सुरुवातीलाच नकार द्यावा लागतो आहे, पण एका भट्टीत एका दिवसात ४० वाडगे होणार नाहीत. २४ होतील, आणि तेही सगळे ठरल्याप्रमाणे घडले तर. आपल्या मापाच्या भट्टीत मधल्या फरशीवर १० सेंटिमीटर व्यासाचे सहा वाडगे नीट बसतात. आठ कोंबता येतात, परंतु मग चिमट्याला जागा उरत नाही, आणि एक वाडगा उचलताना शेजारच्याला धक्का लागला की वितळलेली ग्लेझ एकमेकांना चिकटतात. थंड भट्टीची पहिली भाजणी सव्वा ते दीड तास घेते. पुढच्या भाजण्या भट्टी तापलेली असल्यामुळे पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांत होतात, पण भांडी काढणे, भट्टी जराशी निवू देणे आणि नवी भांडी भरणे यांत आणखी पंधरा मिनिटे जातात. सकाळी ९ वाजता बर्नर पेटवला तर पहिली भाजणी साडेदहाला बाहेर येते, नंतर साडेअकरा, साडेबारा, जेवणाची सुट्टी, मग अडीच आणि साडेतीन. म्हणजे पाच भाजण्या. त्यांतील पहिली पूर्णपणे आपल्या स्वतःच्या भांड्यांची ठेवावी, कारण त्या भाजणीत आपण भट्टी, गॅसचा दाब, वारा आणि स्वतःचे हात यांची परीक्षा घेत असता, आणि ती परीक्षा पाहुण्याच्या वाडग्यावर घेणे योग्य नाही. उरल्या चार, गुणिले सहा. बाकीच्यांना प्रेक्षक म्हणून बोलवावे, किंवा एका घराला एक वाडगा असे ठरवावे. आई आणि मुलगी मिळून एक वाडगा रंगवतात तेव्हा तो बहुधा अधिक मन लावून रंगवलेला असतो, असे मी पाहिले आहे.

आता या वेळापत्रकातील खरी अडचण भट्टीत नसून टेबलावर आहे. पाहुण्याने लावलेले ग्लेझ हाताला कोरडे लागले तरी बिस्कच्या (ग्लेझ लावण्याआधी एकदा भाजलेल्या कोऱ्या भांड्याच्या) अंगात पाणी मुरलेले असते. तसा वाडगा तापलेल्या भट्टीत गेला की वाफेमुळे ग्लेझ खपल्यांसारखे सुटते आणि बुडाशी जाड भिंत असेल तर तुकडाही उडतो. म्हणून ज्या तुकडीची भाजणी साडेअकराला बाहेर येणार आहे त्या सहा जणांनी साडेनऊपर्यंत ब्रश खाली ठेवलेला असला पाहिजे. तासभर उन्हात आणि नंतर भट्टीच्या झाकणाशेजारी विटांवर, असा त्या वाडग्यांचा प्रवास ठेवावा. झाकणाशेजारी ठेवलेले भांडे दर दहा मिनिटांनी फिरवावे, नाहीतर एकच बाजू तापते. यातून एक फायदा आपोआप होतो : सहा-सहा जणांना वेगवेगळी वेळ दिली की चाळीस माणसे एकाच वेळी अंगणात उभी राहत नाहीत.

फुटण्याबद्दल. राकूत भांडे फुटते त्याचे बीज आगीच्या कितीतरी आधी, माती मळतानाच पडलेले असते. दाट, गुळगुळीत, चाकावर लोण्यासारखी चालणारी माती या कामाला नालायक समजावी. फायरक्लेमध्ये (उष्णता सोसणाऱ्या मातीत) वजनाच्या वीस ते तीस टक्के ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा भरडा, असलेली माती घ्यावी. भरड्यामुळे अंगात सच्छिद्रता राहते आणि तडा सुरू झाला तरी तो कणाला अडून थांबतो. आपल्याकडचे कुंभार मडक्याच्या मातीत घोड्याची लीद आणि राख कालवतात, त्यामागेही उघड्या आव्यातला धक्का सोसण्याचीच युक्ती आहे. लीद जळून जाते आणि मागे बारीक पोकळ्या सोडते. बिस्क ९५० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंतच भाजावे. त्याहून वर गेल्यास माती घट्ट होते आणि राकूचा धक्का तिला झेपत नाही. ५७३ अंशांच्या आसपास मातीतील क्वार्ट्झ एकदम फुगते आणि उतरताना तितकेच आकसते. पहिल्या भाजणीत ४५० ते ६५० हा टप्पा सावकाश पार करावा असे मी सांगते ते याच कारणासाठी.

आकार साधे ठेवावेत. भिंत सगळीकडे सारखी, सहा ते सात मिलिमीटरची. सपाट ताटल्या, बाहेर काढलेल्या कडा आणि नंतर जोडलेले कान त्या दिवशी टाळावेत. आणि टेबलावर मांडण्याआधी प्रत्येक बिस्क वाजवून पाहावे. उन्हाळ्यात माठ घेताना आपली आजी जशी तो एका हातावर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटाने वाजवत असे, अगदी तसेच. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर कितीही सुंदर असला तरी तो वाडगा बाजूला. डोळ्यांना न दिसणारी चीर बोटांना ऐकू येते. एवढे करूनही माझ्याकडे दहांतील एखादे भांडे जातेच. म्हणून २४ पाहुण्यांसाठी ३० बिस्क तयार ठेवावीत, आणि फुटण्याची शक्यता नोंदणी करतानाच सांगावी. वाडगा फुटल्यावर केलेला खुलासा सबबीसारखा वाटतो.

ग्लेझ एकच द्यावे, पांढरे क्रॅकल, म्हणजे बारीक तड्यांची जाळी पडणारे. हा माझा ठाम सल्ला आहे. लोकांनी चित्रांत पाहिलेले असते ते तांब्याचे झळाळणारे लाल-निळे राकू, आणि ते तेच मागतील. परंतु तांब्याचा रंग भट्टीतून धुराच्या बंद डब्यात जाण्याच्या चार-पाच सेकंदांवर अवलंबून असतो. डबा थोडा आधी उघडला की हवा लागून झळाळी हिरवट होते, आणि छान उतरलेला रंगही घरातल्या कपाटात काही महिन्यांत मंदावू लागतो. पांढरे क्रॅकल मात्र नवख्या हाताला सांभाळून घेते. ब्रशचे थर कमीजास्त झाले तरी चालते, आणि जिथे ग्लेझ लागलेच नाही तिथली माती धुराने गर्द काळी होते, त्यामुळे चुकलेली रेघसुद्धा नक्षीसारखी दिसते. पाहुण्यांना आधी मेणाने रेघा ओढू द्याव्यात आणि वरून ग्लेझ लावू द्यावे. मेणावर ग्लेझ धरत नाही आणि त्या रेघा शेवटी काळ्या उमटतात. माझे प्रमाण वजनाने असे आहे : शिसेविरहित पारदर्शक बोरॅक्स फ्रिट (वितळवून दळलेली काच) ८५, चिनी माती १०, टिन ऑक्साइड ५, आणि तळाशी बसू नये म्हणून वरून २ भाग बेंटोनाइट. प्रत्येक विक्रेत्याचे फ्रिट थोडे वेगळ्या तापमानाला वितळते, तेव्हा आपल्या पोत्यातील फ्रिटवर चाचणी घेतल्याखेरीज हे प्रमाण वापरू नये. फ्रिट घेताना ते शिसेविरहित असल्याची खात्री विक्रेत्याकडून करून घ्यावी, कारण कमी तापमानाची शिसेयुक्त फ्रिटही बाजारात मिळतात. कोरडी पावडर आदल्या दिवशी मास्क लावून आपणच कालवावी. पाहुण्यांच्या हाती फक्त तयार पातळ ग्लेझ द्यावे. तांब्याची हौस असेल तर ती आपल्या पहिल्या भाजणीत भागवावी.

भाजणी करताना पायरोमीटर (भट्टीचे तापमान दाखवणारे यंत्र) जरूर लावावा, पण निर्णय डोळ्यांनी घ्यावा. ८५० अंशांच्या पुढे ग्लेझ उकळू लागते. झरोक्यातून पाहिले तर पृष्ठभाग गुळाच्या पाकासारखा बुडबुडे काढताना दिसतो, आणि याच क्षणी घाई होते. बुडबुडे फुटून खड्डे भरले पाहिजेत, आणि वाडग्याच्या कडेवर बर्नरच्या ज्वाळेचे प्रतिबिंब ओल्या काचेवर पडावे तसे सलग दिसले पाहिजे. माझ्या ग्लेझला हे ९६० ते ९८० च्या दरम्यान घडते. त्यानंतर तीन-चार मिनिटे थांबून गॅस बंद करावा. झरोक्यातून पाहताना वेल्डरचा ३ ते ५ शेडचा चष्मा हवा. साधा गॉगल भट्टीतील उष्ण किरण पुरेसे अडवत नाही.

झाकण उघडल्यावर वाडगा नारिंगी, आतून दिवा लावल्यासारखा दिसतो, आणि बघणाऱ्यांच्या तोंडून एकदम आवाज निघतो. त्या आवाजाने आपला हात हलू देऊ नये. वाडगा कडेला न धरता पोटाला धरून उचलावा आणि विटेवर पंचवीस-तीस सेकंद उघड्यावर ठेवावा. तेवढ्यात ग्लेझ आकसून तडकू लागते. टिंग, टिंग असा बारीक, काचेच्या बांगड्यांसारखा आवाज येतो. सगळ्यांना गप्प राहायला सांगून तो ऐकवावा. मग वाडगा भुशावर ठेवून झाकावा. धूर त्या ताज्या तड्यांत शिरतो आणि जाळी काळी उमटते.

धुराच्या डब्यांसाठी खास काही विकत आणू नये. खाद्यतेलाचे १५ किलोचे पत्र्याचे डबे कोणत्याही किराणा दुकानात किंवा खानावळीत रिकामे मिळतात. त्यांचे वरचे तोंड पूर्ण कापावे, कडा ठोकून बोथट कराव्यात, आणि डबा सरळ न वापरता उपडा वापरावा : जमिनीवर चार बोटे जाड वाळूचा थर, त्यात उथळ खळगा, खळग्यात दोन मुठी भुसा आणि चुरगळलेले वर्तमानपत्र, त्यावर वाडगा, भुशाने पेट घेतला की वरून डबा, आणि कडेभोवती वाळू सारलेली. उपड्या डब्याला वाळूइतके चांगले बूच दुसरे नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादल्या मात्र वापरू नयेत, तापल्यावर जस्ताचा धूर घातक असतो. भुसा वखारीतून आणावा, पण तो लाकडाचाच आहे, प्लायवूड किंवा एमडीएफचा नाही, हे हातात घेऊन आणि वास घेऊन पाहावे, कारण त्यांतील डिंकाचा धूर डोळे आणि घसा धरतो. भुसा आठवडाभर उन्हात वाळवावा. ओला भुसा धूर कमी आणि वाफ जास्त देतो. पंधरा-वीस मिनिटांनी डबा उचलावा आणि वाडगा विटांवर निवू द्यावा. गरम वाडगा पाण्यात बुडवून चर्र आवाज काढण्याचा प्रकार प्रेक्षकांना आवडतो, पण मी तो करत नाही. भट्टीतून वाचलेली भांडी मी बादलीत फुटताना पाहिली आहेत.

निवालेला वाडगा काळाकुट्ट, काजळी धरलेला असतो आणि पाहुण्याचा चेहरा पडतो. अशा वेळी त्याच्या हाती नारळाची शेंडी, भांड्यांची पावडर आणि पाण्याची बादली द्यावी. घासता घासता काजळीखालून पांढरे ग्लेझ आणि त्यावरची काळी जाळी वर येते. माझ्या मते दिवसाचा खरा आनंद इथेच आहे, आणि तो आगीपासून दहा पावले लांब, सुरक्षित जागी घडतो, ही यजमानाच्या दृष्टीने फार सोयीची गोष्ट आहे.

कोणीतरी विचारेलच की हे सगळे जपानी आहे का. अर्धे आहे. सोळाव्या शतकात क्योटोमध्ये चोजिरो या कुंभाराने चहाचार्य सेन नो रिक्यू यांच्या सांगण्यावरून चहाचे जे वाडगे हाताने घडवले, तेथून राकू घराण्याची परंपरा सुरू होते. तापलेला वाडगा चिमट्याने बाहेर काढणे त्या परंपरेत आहे; भुशाचा धूर नाही. तो भाग पॉल सोल्डनर या अमेरिकन कुंभाराचा. १९६० मध्ये कॅलिफोर्नियातील एका कलामेळ्यात लोकांसमोर प्रात्यक्षिक करताना निघालेली भांडी त्यांना पसंत पडेनात, तेव्हा त्यांनी एक गरम भांडे जवळच पडलेल्या झाडाच्या पाल्यात लोळवले. म्हणजे आपण करतो ते राकू जन्मले तेच खुल्या प्रात्यक्षिकात.

गॅसबद्दल आपण विचारलेले नाही, पण अशा दिवसाला दगा दिला तर तोच देतो. घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर या कामाला लावू नये, कायद्यानेही ते चालत नाही. व्यावसायिक १९ किलोचे सिलिंडर घ्यावे, आणि दोन घ्यावीत. माझी अशीच भट्टी तासाला दीड ते दोन किलो गॅस खाते. एकच सिलिंडर हिशेबाने पुरायला हवे, पण सलग ओढल्यावर द्रवाची वाफ होताना सिलिंडर गार पडते, बाहेरून दहिवर धरते, आणि निम्म्याच्या खाली गेल्यावर दाब पडून भट्टी ९०० अंशांवर अडून बसते. डिसेंबरात हे हमखास होते. तेव्हा घमेल्यात साधे पाणी घेऊन सिलिंडर त्यात उभे करावे, किंवा सरळ दुसरे जोडावे. सिलिंडरला कोणतीही ऊब आगीने देऊ नये. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत आणि नळी लोकांच्या वाटेत येऊ देऊ नये. बर्नर मध्येच विझला तर लगेच काडी ओढू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे भट्टीच्या तळाशी साचतो. गॅस बंद, झाकण उघडे, पाच मिनिटे वाट, आणि मग पेटवणे.

माणसे तीन हवीत. एक चिमट्यावर, एक झाकणावर आणि डब्यांवर, आणि तिसरी व्यक्ती जिने आगीकडे पाठ करून फक्त लोकांकडे पाहायचे. ही तिसरी व्यक्ती बहुतेक स्टुडिओंत नसते, आणि चुका तिथेच होतात. एका वर्षी माझ्याकडे एक बाई मोबाइलवर चित्रण करत करत दोर ओलांडून पुढे आल्या आणि त्यांच्या जॉर्जेटच्या ओढणीचे टोक तापलेल्या डब्यावर पडले. ओढणी वितळून डब्याला चिकटली, सुदैवाने अंगाला लागली नाही. मी चिमट्यात वाडगा धरून उभी होते आणि काहीही करू शकत नव्हते. तेव्हापासून दोर चार मीटरवर असतो, निमंत्रणातच सुती कपडे आणि बंद बूट असे लिहिलेले असते, आणि मुलांचा हात मोठ्यांच्या हातात असतो. चिमट्यावरच्या माणसाला कोपरापर्यंतचे चामड्याचे हातमोजे आणि तोंडावर पारदर्शक ढाल हवी. वाळूच्या दोन बादल्या, ओले गोणपाट, पावडरचे अग्निशामक आणि चालू नळ जवळ असावा. भाजलेच तर ती जागा वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावी. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांपैकी काहीही नको. आदल्या दिवशी थंड भट्टीसमोर तिघांनी रिकाम्या वाडग्यांची रंगीत तालीम करावी, आणि त्यात शब्दही ठरवून घ्यावेत : ‘उघड’, ‘आलो’, ‘झाक’. आगीसमोर लांब वाक्ये कामाची नसतात.

धुराचे उत्तर बरेचसे वेळेत आहे. पुण्यात थंडीत सकाळी हवा जड असते आणि धूर वर न जाता जमिनीलगत रेंगाळतो, शेजारच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींना वास लागतो आणि मग तक्रार येते, ती रास्तही असते. वरच्या वेळापत्रकात पहिला डबा साडेदहाला झाकला जातो, तो याच कारणाने. तोवर ऊन चढून हवा मोकळी झालेली असते. डबे घट्ट बंद असले तर धूर फारच थोडा निघतो. भुसा दोन मुठींपेक्षा जास्त घालण्याचा मोह होतो, त्याने रंग सुधारत नाही, केवळ धूर वाढतो. हे काम छताखाली किंवा तीन बाजूंनी बंद जागेत कधीही करू नये, कारण या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. शेजाऱ्यांना आठवडाभर आधी स्वतः जाऊन सांगावे आणि पहिल्या भाजणीला त्यांनाच बोलवावे. जागा सोसायटीची असेल तर परवानगी लेखी घ्यावी.

प्रत्येक वाडग्यासोबत एक चिठ्ठी द्यावी : हे भांडे शोभेचे आहे, खाण्यापिण्यासाठी नाही. अंग सच्छिद्र, ग्लेझ तडकलेले, त्यामुळे त्यात ठेवलेले पाणी झिरपते आणि तड्यांत अन्न अडकते. तोंडी सांगितलेले लोक विसरतात, आणि चहाचा वाडगा म्हटल्यावर कोणीतरी त्यात चहा घेणारच.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर दमलेल्या अवस्थेत डब्यांतील भुसा एका पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवू नये. वरून राख दिसली तरी आत तो तासन्‌तास धुमसत राहतो; एकदा रात्री दहाला कुंपणाजवळच्या पोत्यातून धूर येताना मला दिसला होता. सगळा भुसा उघड्या जागेवर पसरावा, पाणी ओतून फावड्याने चिखल होईपर्यंत कालवावा आणि रात्रभर तसाच सोडावा. सकाळी त्यात हात घालून तो सगळीकडे गार लागला, की मगच कचऱ्यात टाकावा.